पावलांचा मोबदला

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने चालावे म्हणून त्याला पैसे द्यायचे, ही कल्पना ऐकली की प्रथम हसूच येते. चालण्याने भले होणार ते त्याचेच. मग वर पैसे कशाला? पण अमेरिकेतील बॉस्टन शहरात एलेना लोसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. त्यातले आकडे आपण पुढे पाहणारच आहोत. त्याआधी जरा मागे जायला हवे. कारण शंभर वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी खाटेवरून उतरणाऱ्या रुग्णाला बक्षीस राहिले बाजूला, बोलणीच खावी लागली असती. ‘अजिबात उठायचे नाही’ इथपासून ‘उठलात तर पैसे देऊ’ इथपर्यंत वैद्यकशास्त्र कसे आले, ही हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

झोपून राहण्याचे शास्त्र

१८६३ साली लंडनमधील शल्यविशारद जॉन हिल्टन यांची व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. विषय होता विश्रांती आणि वेदना. दुखऱ्या भागाला हलू दिले नाही की शरीर स्वतःच दुरुस्तीचे काम करते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्याच काळातले लिव्हरपूलचे अस्थितज्ज्ञ ह्यू ओवेन थॉमस यांचा तर आग्रह असे की विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ असली पाहिजे. मोडलेले हाड किंवा क्षयाने सुजलेला सांधा यांच्या बाबतीत हे बरोबरच होते. आजही आपण मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतो ते याच तत्त्वाने.

घोटाळा झाला तो हा नियम सगळ्या शरीराला लावल्यामुळे. पण त्या काळच्या डॉक्टरांना हसण्याचे कारण नाही. लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ सालची. त्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, जखमा चिघळत असत. टाके कधी सुटतील याचा भरवसा नसे. पोट उघडून शिवलेला माणूस उभा राहिला, खोकला, तर जखम उसवेल ही भीती अगदी रास्त होती. म्हणून नियम ठरून गेला. अपेंडिक्स काढले की दहा-बारा दिवस खाट, हर्निया असेल तर तीन आठवडे. पुढे टाक्यांचा धागा सुधारला, निर्जंतुकीकरण आले, भूल देण्याचे तंत्र सुधारले. नियम मात्र तसाच राहिला. ज्या कारणासाठी नियम केला ते कारण संपले तरी नियम उरतो, हे शाळेत काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या नियमाविरुद्धचा पुरावा एका अर्थी आधीपासूनच समोर होता. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांनी १८४० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते की, फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी अचानक बंद पडून माणूस दगावतो तेव्हा तिथे सापडणारी रक्ताची गुठळी तिथे तयार झालेली नसते. ती पायाच्या नीलांमध्ये तयार होते, सुटते आणि रक्ताबरोबर वाहत फुप्फुसात जाऊन अडकते.

पण पायात गुठळी का व्हावी? पायांतले रक्त हृदयाकडे परत नेणे हे काम हृदय एकटे करत नाही. पोटरीचे स्नायू चालताना आवळतात तेव्हा त्यांच्यामध्ये असलेल्या नीला दाबल्या जातात आणि रक्त पुढे ढकलले जाते. नीलांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, त्यामुळे ते मागे येऊ शकत नाही. गावातल्या हातपंपाच्या झडपेसारखाच हा प्रकार. एखादा चौकस विद्यार्थी इथे विचारील, “आडवे झोपल्यावर रक्ताला वर चढायचेच नसते. मग ते अधिक सहज जायला नको का?” प्रश्न चांगला आहे. झोपल्यावर चढण जाते हे खरे, पण पंपही बंद पडतो. रक्त संथ होते, आणि झडपांच्या मागच्या खोबणींत तर साचूनच राहते. त्यातच शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, कारण जखम झाली की रक्त गोठवणे हा शरीराचा धर्मच आहे. संथ रक्त आणि गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती एकत्र आली की गुठळीला दुसरे काय हवे? शिवाय उताणे पडून राहिल्याने फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुलत नाही, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

खाटेवरून खाली

शिकागोचे शल्यविशारद एमिल रीस यांनी १८९९ सालीच लिहिले की, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आपण रुग्णांना एकदोन दिवसांतच उठू देतो आणि त्यांचे काही वाईट होत नाही. फारसे कोणी ऐकले नाही. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी डेट्रॉइटचे डॅनियल लाइटहाउसर यांनी पुन्हा तोच मार्ग धरला. १९४१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि १९४६ साली पुस्तकच लिहिले. या वेळी मात्र जग ऐकायच्या मनःस्थितीत होते. कारण दुसरे महायुद्ध सुरू होते. रुग्णालयात खाटा अपुऱ्या, परिचारिका आघाडीवर गेलेल्या, आणि सैनिक लवकर उभा राहायला हवा. १९४४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या अधिवेशनात एक परिसंवादच झाला. त्याचा विषय होता विश्रांतीचा दुरुपयोग! न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावचे जॉन पॉवर्स यांनी तिथे, लवकर उठवलेले रुग्ण आणि नेहमीप्रमाणे झोपवून ठेवलेले रुग्ण यांची तुलना मांडली. लवकर उठलेले लवकर बरे होत होते, आणि जखमा उसवत नव्हत्या. १९४७ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड अॅशर यांनी अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. तो आजही वाचला जातो.

आमच्या मते या साऱ्यात सर्वांत शिकवून जाणारे प्रयोग आजारी माणसांवर नव्हे, तर धडधाकट माणसांवर झाले. आजारी माणूस अशक्त झाला तर ते आजाराने की झोपून राहण्याने, हे सांगणे कठीण. धडधाकट माणसाला झोपवले की शंकेला जागा उरत नाही. १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या डाइट्रिक, व्हेडन आणि शोर यांनी चार निरोगी तरुणांना सहा ते सात आठवडे कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये ठेवले. त्यांच्या लघवीतून जाणारे कॅल्शियम वाढले, म्हणजे हाडे झिजू लागली. स्नायूही घटले. १९६६ साली डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले गेले. जास्तीत जास्त श्रम करताना शरीर किती प्राणवायू वापरू शकते, हे त्यापूर्वी आणि त्यानंतर मोजले. ती क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरली होती. याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत आल्यावर, पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्यापेक्षा तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने अधिक केले होते!

एवढे कळल्यावर रुग्ण चालू लागायला हवे होते. पण डॉक्टरांना पटले म्हणून रुग्ण उठतोच असे नाही. आपल्यापैकी कोणी शस्त्रक्रिया झालेल्या नातेवाइकाच्या उशाशी बसले असेल तर त्याला हे ठाऊक असते. “जरा चार पावले टाका,” म्हटले की उत्तर येते, “आज नको, उद्या बघू.” हा आळस नव्हे. टाके ओढतात. हाताला सलाईन, लघवीची नळी, कुशीला आणखी एखादी नळी. पोटात अन्न नाही. डोके गरगरते. आणि पडण्याची भीती.

कोपनहेगनचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी या ‘उद्या बघू’ची कारणे एकेक करून हटवायची ठरवली. पाठीच्या कण्याजवळ नळीतून औषध देऊन वेदना दाबायची, म्हणजे अफूजन्य औषधांची गुंगी आणि मळमळ कमी. नळ्या लवकर काढायच्या. पहिल्याच दिवसापासून तोंडाने अन्न द्यायचे. आणि मग उठवायचे. १९९५ साली त्यांच्या गटाने मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या मोजक्या वृद्ध रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. हे रुग्ण दोन दिवसांत घरी जाण्याजोगे झाले होते. त्या काळी अशा रुग्णाला आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक मुक्काम करावा लागे. पुढे २००१ सालापासून युरोपातल्या एका अभ्यासगटाने हीच पद्धत इतर शस्त्रक्रियांना लावण्याचे काम हाती घेतले. इथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की केलेट यांनी रुग्णाला कोणतेही आमिष दाखवले नाही. त्यांनी वाट मोकळी केली.

मग पैसे कुठून आले?

वागणुकीला बक्षीस देऊन ती वाढवायची, हा विचार मानसशास्त्रातून आला. १९६१ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, अॅना या गावच्या मनोरुग्णालयात आयलॉन आणि अॅझरिन यांनी टोकनांची पद्धत सुरू केली. रुग्णाने स्वतः आवरले, नेमून दिलेले काम केले, की टोकन मिळे, आणि टोकन देऊन रुग्णालयातल्या दुकानातून वस्तू घेता येत. पुढे व्यसनमुक्तीसाठी अशा युक्त्या वापरल्या गेल्या. २००९ साली केव्हिन व्होल्प यांनी एका मोठ्या कंपनीतील ८७८ कर्मचाऱ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. धूम्रपान सोडल्यास टप्प्याटप्प्याने एकूण ७५० डॉलर. नऊ ते बारा महिन्यांनी पैसे मिळणाऱ्या गटातले १४.७ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तर नुसती माहिती दिलेल्या गटातले ५ टक्के. फरक मोठाच. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा, की पैसे देऊनही दर शंभरातल्या पंच्याऐंशी जणांनी सिगारेट सोडली नाही.

चालण्यासाठी पैसे द्यायचे तर चालणे मोजता आले पाहिजे. पावले मोजायचे यंत्र जुनेच आहे. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने असे यंत्र विकायला आणले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे ठेवले. रोज दहा हजार पावले चालावे हा आज सर्वांच्या तोंडी असलेला आकडा तिथून पसरला. तो कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नव्हे, तर जाहिरातीतून आलेला आहे! जुन्या यंत्रातले आकडे माणसाने स्वतः वाचून सांगायचे, म्हणजे विश्वासाचा मामला. मनगटावर किंवा कमरेला लावायची, आकडे परस्पर पाठवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, तेव्हाच पावलागणिक हिशेब शक्य झाला.

मग फिलाडेल्फियात मितेश पटेल आणि सहकाऱ्यांनी २८१ वजनदार कर्मचाऱ्यांवर एक सुरेख प्रयोग केला (२०१६). लक्ष्य रोज सात हजार पावले. एका गटाला लक्ष्य गाठले त्या दिवशी १.४० डॉलर मिळत. दुसऱ्या गटाला लॉटरी. तिसऱ्या गटाच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा करत, आणि चुकलेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० डॉलर कापून घेत. चौथ्याला काहीच नाही. गणित करून पाहा, तीस दिवसांचे पहिल्या आणि तिसऱ्या गटाचे पैसे अगदी सारखे आहेत. पण काहीच न मिळणाऱ्यांनी शंभरातले ३० दिवस लक्ष्य गाठले, रोज मिळवणाऱ्यांनी ३५, लॉटरीवाल्यांनी ३६, आणि गमावण्याची धास्ती असलेल्यांनी ४५. मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख मोठे असते, हे काहनेमान आणि त्वेर्स्की यांनी १९७९ साली मांडले होते. त्याचेच हे प्रात्यक्षिक. मात्र तेरा आठवड्यांनी पैसे थांबले, आणि पुढच्या तेरा आठवड्यांत गटागटांतला म्हणण्यासारखा फरक उरला नाही.

बॉस्टनचे आकडे

आता गुडघ्यांकडे येऊ. संधिवाताने झिजलेला गुडघा बदलला की वेदना बहुधा चांगलीच कमी होते. पण डॉक्टरांना एक कोडे पडले होते. दुखणे गेल्यावरही ही माणसे फारशी चालताना दिसत नाहीत. वर्षानुवर्षे दुखऱ्या पायाने बसून राहण्याची सवय लागलेली असते आणि ती शस्त्रक्रियेत कापली जात नाही. लोसिना यांच्या गटाने २०२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून चार भागांत विभागणी केली. एका गटाला नेहमीची काळजी आणि अधूनमधून विचारपूस. दुसऱ्याला दूरध्वनीवरून मार्गदर्शन करणारा शिक्षक, तो रुग्णाशी बोलून लक्ष्य ठरवी आणि अडचणींतून वाट काढी. तिसऱ्याला चालण्याचे लक्ष्य गाठल्यास पैसे. चौथ्याला शिक्षकही आणि पैसेही.

सहा महिन्यांनी, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत, पहिल्या गटाची रोजची पावले सरासरी ६८० ने वाढली होती. नुसत्या मार्गदर्शनाने २७४ ने. नुसत्या पैशाने ८२६ ने. आणि दोन्ही मिळून १,८०८ ने.

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहून चर्चा करण्याजोगे आहेत. प्रथम पहिल्या गटाकडे पाहा. त्यांना पैसेही नव्हते आणि शिक्षकही नव्हता, तरी ६८० पावले वाढली. नवा गुडघा आणि सरता काळ यांचा हा वाटा. हा गट ठेवलाच नसता तर ८२६ पावले सरळ पैशाच्या खात्यावर जमा झाली असती. प्रत्यक्षात पैशाचा वाटा १४६ पावलांचा. पाऊल साठ-सत्तर सेंटिमीटरचे धरले तर हे अंतर शंभर मीटरच्या आतबाहेर, म्हणजे शाळेच्या मैदानाची अर्धी फेरीसुद्धा नाही. दोन्ही मिळालेल्या गटाचा जादा वाटा मात्र ११२८ पावलांचा, पाऊण किलोमीटरच्या आसपास. वयाच्या पासष्टीत नवा गुडघा घेतलेल्या माणसाला हे अंतर थोडे नव्हे. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. २०२ पैकी सुमारे दीडशे जणांचीच सुरुवातीची आणि शेवटची अशी दोन्ही मोजमापे हाती आली. म्हणजे प्रत्येक गटात चाळीसच्या आसपास माणसे उरली. एवढ्याशा संख्येत सरासरी बरीच इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून २७४ हा आकडा ६८० पेक्षा कमी आहे यावरून ‘मार्गदर्शनाने लोक कमी चालतात’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

दोन्ही एकत्र आल्यावर फरक का पडला असावा? आमचा तर्क असा. पैसा फक्त इच्छेला धक्का देतो. पाय सुजल्यावर किती चालावे, जिना कसा उतरावा, पाऊस असेल तर घरात फेऱ्या कशा घालाव्यात, हे पैसा सांगत नाही. शिक्षक ते सांगतो, पण रोज सकाळी दारापर्यंत न्यायला तो हजर नसतो. केलेट यांनी वाटेतले अडथळे आधी काढले होते, हे इथे पुन्हा आठवते.

बक्षिसाबद्दल शिक्षकांच्या मनात वेगळी शंका येईल, आणि ती यायलाच हवी. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी बालवाडीतल्या, चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितले, चित्र काढलेस तर सुंदर प्रशस्तिपत्र मिळेल. ते त्यांना दिलेही. एकदोन आठवड्यांनी पाहिले तर ही मुले, बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या जवळजवळ निम्माच वेळ आपणहून चित्रे काढत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिले त्यांची आवड मात्र घटली नव्हती. मग चालण्याचे पैसे देऊन आपण रुग्णाची चालण्याची आवड मारतो काय? आम्हाला वाटते, टाके ताजे असताना मारली जाण्याजोगी आवड मुळात नसतेच. पैसे थांबले की परिणाम ओसरतो, हा दोषही अशा वेळी फारसा आड येत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले पाच-सात दिवस पार पडले की काम झाले. गुडघ्याचे तसे नाही, तिथे सवय उरलेल्या आयुष्याची हवी असते, आणि पैसे काही आयुष्यभर देता येत नाहीत.

राहता राहिला फिलाडेल्फियाचा ‘कापून घेण्याचा’ मार्ग. तो सर्वांत परिणामकारक ठरला, म्हणून रुग्णांनाही लावावा असे कोणाला सुचेल. पण कार्यालयातला धडधाकट कारकून आणि नुकताच टाके पडलेला माणूस यांत फरक आहे. ज्या दिवशी जखम ठणकते आणि उठवत नाही, त्याच दिवशी खात्यातून पैसे वजा व्हायचे, म्हणजे दुखण्याचा दंड भरायचा. शिवाय ज्याला त्या पैशांची गरज अधिक, तो न पेलणारे चालायला जाणार. आमच्या मते हा मार्ग रुग्णालयात आणू नये. कोणी आणलाच, तर लक्ष्य सरसकट सात हजारांचे न ठेवता त्या रुग्णाच्या कालच्या पावलांवरून ठरवावे, आणि ताप चढला त्या दिवसाचा हिशेब सोडून द्यावा.